गंगेत सोडलेले इन्कमटॅक्सचे कागद

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे मी रागाच्या भरात डकवतोय.

माझं पितळी भांड्यांचं दुकान तुम्हाला ठाऊक आहेच. मंदीच्या आधीचे इन्कमटॅक्सचे कागद मी जाळायला काढले, तर काका कडाडले, "लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती! तो जाळायचा नाही." निम्मा गठ्ठा त्यांनी नेऊन गंगेत सोडला.

तो बुडतोय कसला! कुणीतरी काढून घाटावर वाळवला आणि रद्दीत विकला.

आज सकाळी लेकीचं लग्न ठरवायला मुलाचे वडील आले. त्यांनी खिशातून चिवड्याची रिकामी पुडी काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर माझं नाव, माझी सही, माझं उत्पन्न!

"एवढी कमाई आणि हुंड्याला रडता?"

"अहो, ते जुनं आहे. आता दुकानात माशा मारतोय!"

ऐकतंय कोण? उठून गेले. आतल्या खोलीत लेक सगळं ऐकत होती.

काका म्हणतात, देवाची इच्छा. डोंबलाची इच्छा! उरलेले कागद मी दुपारी बंबात घातले. सरस्वतीला रागवायचं तर माझ्यावर रागवावं, पोरीवर कशाला?

तुमच्यापैकी कुणी कुणी कागद गंगेत सोडलेत? आज घरी गेलात की चिवड्याची पुडी उलगडून वाचा.