खांडीवरचं गाऱ्हाणं

आमच्या घराण्यात राग वारशाने येतो. बाबांना आहे, मला आहे. आणि ज्या माणसाने बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं उडवली, त्याच्याबद्दलचा राग तर मी लहानपणापासून पेजेबरोबर जेवत आले.

पार्श्याला, आमच्या गावी, खाडीच्या काठी सगळ्या गावाचं मिळून खाजन आहे, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं भातशेत. खाडीला बाहेर अडवणारा बांध दोन वांगडांनी, दोन मूळ घराण्यांनी घातलेला. दरवर्षी पेरणीआधी बांधावर राखणदाराला, म्हणजे बांध राखणाऱ्या देवाला, कोंबडा द्यायचा. आमच्या वांगडाने कोंबडा धरून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घालायचं, आणि त्यांच्या वांगडाने तो कापायचा. गाऱ्हाण्यात दोन्हीकडच्या मूळपुरुषांना हाक मारायची. मी लहान होते त्या वर्षी भरती चढत होती, बाबा घाईत होते, आणि त्यांच्या मूळपुरुषाला घ्यायचं राहून गेलं. परक्याला वाटेल, एवढंच ना? आमच्याकडे हे म्हणजे चारचौघांत एखाद्याला बिनबापाचा म्हणणं. त्यांच्याकडच्या माणसाने कोयता उचलला तो कोंबड्यावर नाही, बाबांच्या हातावर. माझ्या काकाने फावड्याने त्याचा गुडघा फोडला. मी आईचा पदर धरून उभी होते. बोटं चिखलात पडलेली पाहिली, आणि सुटलेला कोंबडा त्यांना तुडवत पळाला तेही पाहिलं.

त्यानंतर बाबांनी गाऱ्हाणं घातलं नाही. म्हापशाहून भटजी येऊन बांधावर मंत्र म्हणायचे. राखणदाराला ते कळले की नाही देव जाणे, आम्हाला काही कळले नाहीत. एक वांगड माती घालायला गेलं की दुसरं फिरकायचं नाही. अशाने बांध किती टिकणार? एका अवसेच्या भरतीला तो फुटला, मोठी खांड पडली, तिच्यातून खारं पाणी आत शिरलं आणि भात जळून गेलं. विमानतळ आल्यावर जमिनीचे दलाल येऊ लागले. दोन्ही वाड्यांवर पुरुष पिऊन एकमेकांची डोकी फोडत, घरी येऊन बायकांची हाडं मोडत. आमच्या मुलांना गावचं बोलणं बोलायची लाज वाटू लागली होती, आणि मला त्या मुलांचा राग यायचा.

यंदा निम्मा गाव खाजन विकायच्या कागदांवर सह्या करायला तयार झाला. या पेरणीला खाजन उभं राहिलं नाही तर ते जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारच्या बाजारात मी भाजी घेऊन बसते. तिथे कोयता उचलणाऱ्या त्या माणसाची सून माझ्या शेजारी बसते. आधी आमचं कडाक्याचं भांडण झालं, मग बोलणं झालं. ती म्हणाली, "खांड एका वांगडान बुजची ना. आनी गाऱ्हाणां बगर आमचो म्हातारो येवचो ना."

बाबा गाऱ्हाणं घालायला नाही म्हणाले. मी ओरडले, "बोटां गेली तुमची, जीब गेली ना." त्यांनी ताट भिरकावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंगणात बसून पुटपुटत होते, विसरलेलं एकेक वाक्य ओढून काढत होते.

सुकतीला, ओहोटीचं पाणी उतरल्यावर, सगळे खांडीवर जमले. तो म्हातारा लंगडत आला, हातात कोयता. खरं सांगते, तो तिथेच मरावा असं मला वाटलं. बाबांनी तीन बोटांच्या हाताने कोंबड्याची मान ताणून धरली आणि सुरुवात केली, "बा राखणदारा, तुजी लेकरां तुज्या पायांकडेन उबीं आसत." जुन्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग बाबांनी त्यांच्या मूळपुरुषाला हाक मारली, आमच्याही आधी. या वेळी पोरंही ओरडली, "व्हय म्हाराजा."

कोयता वर गेला आणि तिथेच राहिला. म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. बाबांनी हात मागे घेतला नाही.

"त्या दिसा तुजो हात थरथरूंक ना," बाबा म्हणाले. "आता कित्याक थरथरता? मार."

त्याने मारला. रक्त दोघांच्याही मनगटांवर उडालं, आणि बाबांची उरलेली तीन बोटं जागच्या जागी होती.

मग दोन्ही वाडे चिखलात उतरले. म्हाताऱ्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून तो खांडीच्या तोंडाशीच फतकल घालून बसला आणि हातोहात येणारे चिखलाचे गोळे रचू लागला. रांगेत त्याच्याआधी मी होते. मी गोळा हातात धरून थांबले.

"हांव मरासर तुका माफ करचें ना," मी त्याच्या तोंडावर म्हटलं.

"करूं नाका," तो म्हणाला. "गोळो दी. भरती येता."

मी गोळा दिला.