रेड्याकडे शिकलेली चाल

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी दुसऱ्यांदा चालायला शिकलो आणि तेही एका रेड्याच्या हाताखाली.

पहिल्यांदा आईनं शिकवलं होतं. ते पोफळीवरून पडून विसरलो. (पोफळीवर का चढलो? गडी चढतात तसं मालकालाही चढता येतं, हे मेहुण्याला दाखवायला! गडी नीट उतरतातही, हे ध्यानात राहिलं नाही.) नळीचं हाड मोडलं. कामट्या बांधून महिनोन्‌महिने आढं बघत पडलो. कामट्या सुटल्या तेव्हा पाय माझा राहिलाच नव्हता. मी उठायचो, तो बसलेलाच!

तेवढ्यात चौलहून, बायकोच्या माहेराहून निरोप आला: मुलगी झाली, बाराव्या दिवशी बारसं. सासूबाईंची पुस्ती होती, "जावयांना गाडीत घालून आणा. लंगड्यानं हौस करू नये."

"कळवा त्यांना," मी ओरडलो, "बाप नागावहून पायी येईल!"

ओरडलो खरा, पण मला उंबरठा गाठवत नव्हता. पोरीचं तोंडही पाहिलं नव्हतं. उशीत डोकं खुपसून मी ढसाढसा रडलो.

धाकट्या काकांनी उपाय काढला. आमच्या वाडीत शिंपण्यासाठी विहिरीवर रहाट होता. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा दिवसभर विहिरीभोवती फिरायचा. रहाटाचं आडवं लाकूड धरून मी त्याच्यामागे! आधी नुसता फरफटलो, मग पाऊल उचलायला लागलो. बारशाच्या आदल्या दिवशी तर रेड्याबरोबर सबंध वाडी शिंपली.

"चौल काय, मुंबई गाठशील!" काका म्हणाले.

बारशाच्या सकाळी नवी टोपी घालून, झबलं काखेत मारून रस्त्याला लागलो. थोडा गेलो, डावीकडे वळलो आणि पुन्हा आमच्याच दारात!

"काय विसरलास?"

"काही नाही हो! पायच वळतोय!"

पुन्हा निघालो, पुन्हा दारात. तिसऱ्यांदा तोंडावर आपटलो.

"रेड्याला सोडतो," काका म्हणाले. "शेपूट धर नि त्याच्यामागनं जा." (दोघांचं शिक्षण एकाच शाळेत झालंय, हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही!)

चौलचा रस्ता म्हणजे दुतर्फा वाड्या आणि वाडी तिथं रहाट. पहिल्याच रहाटाची कुरकुर कानी आली आणि रेडा कुंपण मोडून आत! विहिरीभोवती फेऱ्या सुरू! मागे शेपटीला मी नि माझ्यामागे धावत काका!

"आरं, कोण तू?" वाडीवाला धावत आला. "आमचा रेडा जुंपल्याला हाय की!"

"बारशाला चाललोय!"

"बारशाला असं जात्यात व्हय?"

पुढच्या वाडीत तेच. त्यापुढच्या वाडीतही तेच. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी बांधावर बसलो. "काका, नाही जमत. पोरीला नाव ठेवूनही झालं असेल."

काकांनी रेड्याच्या कानांत पंच्याचे बोळे कोंबले, मला उचलून त्याच्या पाठीवर बसवलं आणि वेसण धरून पुढे चालू लागले.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पाहुणे पांगले होते, घुगऱ्या संपल्या होत्या, नाव ठेवून झालं होतं. दारात बायको पोरीला कुशीत घेऊन उभी होती. सासूबाई पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या.

"पायी येणार होतात ना?"

"पायीच आलोय," मी पुटपुटलो.

"कुणाच्या?"

आणि त्यांनी सगळा तांब्या रेड्याच्या पायांवर ओतला. त्या घरात आजही "जावई आले" म्हटलं की लोक आधी गोठ्यात डोकावतात!