ओढ्यापाशी बसलेल्या आम्ही

माझं माहेर लोणावळ्याचं. लग्न होऊन वडिवळ्याला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात बायकांच्या बचत गटाच्या दोन म्हशी चोरीला गेल्या. गटाची पुढारी माझी सासू. पोलीस पाटलानं ठाण्यात फोन लावला होता, पण वाट बघत बसणं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी भाकऱ्या बांधल्या, घराघरात हाका मारल्या आणि खुरांच्या मागावर आम्ही सात-आठ जणी डोंगराकडे निघालो.

ऊन चढत गेलं. ओढ्याच्या डोहाशी पोचलो तेव्हा मला भोवळ आली आणि मी खालीच बसले. आणखी दोघी टेकल्या. एकीच्या टाचेचं कातडं सोलवटून निघालं होतं. आता बोलणी खावी लागणार असं मला वाटलं. सासूबाईंनी आमच्याकडे बघितलं, मग वर पठाराकडे.

"तुमी हितंच ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "गाठोडी सांभाळा. मोकळ्या हातानं आमाला बी चढाया सोपं."

ऊन कलल्यावर म्हशी पुढे घालून त्या खाली आल्या. पठारावर करवंदीच्या जाळीआड म्हशी बांधलेल्या सापडल्या; चाहूल लागताच चोर पळाले होते. म्हशी डोहात डुंबल्या आणि काठावर बसून आम्ही राखलेल्या भाकऱ्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. तशी चव मला पुन्हा कधी लागली नाही.

संध्याकाळी धारा काढल्या. वर गेलेल्यांपैकी एकीनं म्हटलं, आजचं दूध चढून गेलेल्यांनीच घ्यावं. सासूबाईंनी मान वर न करता सगळ्यांची भांडी सारखी भरली.

पुढे काही वर्षांनी माहेरी गेले असताना शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी मला प्राचीन इब्री, म्हणजे यहुद्यांच्या, शास्त्रातली गोष्ट सांगितली. लुटारूंनी पळवलेली बायकामुलं सोडवायला एक पुढारी माणसं घेऊन पाठलागावर निघतो. काही जण इतके थकतात की त्यांना ओढा ओलांडवत नाही. तो त्यांना सामानापाशी ठेवतो आणि परत आल्यावर लुटीचा वाटा त्यांनाही सारखाच देतो. ऐकताना मला डोहाकाठच्या त्या भाकऱ्या आठवल्या.

वडिवळ्याला परतल्यावर तांदूळ निवडता निवडता मी ती सासूबाईंना सांगितली.

"दमलेल्यांचं लिवलंय," त्या म्हणाल्या. "त्यो म्होरक्या दमलता का न्हाई, त्ये लिवलंय का?"

ते मला बाईंना विचारायचं सुचलंच नव्हतं.

"मला बी त्या दिशी डोहापाशीच बसायचं व्हतं. पाय लटलटत व्हते. पन मी बसले असते तर कुनीच उठलं नसतं."

तांदूळ तसेच ठेवून मी आत गेले आणि तेलाची वाटी कोमट करून आणली. एरवी कुणाला पायाला हात लावू न देणाऱ्या सासूबाईंनी त्या दुपारी मुकाट्यानं पाय पुढे केले.