दुसरी सुई

हमीदभाई गेल्याचं मला दवाखान्यातच कळलं. त्यांचा मोठा मुलगा सायकल भिंतीला टेकवून आला आणि उंबऱ्यातच थांबला. "अब्बा नाही राह्यले, काका," एवढंच म्हणाला. त्याला पाच आठवडे झाले. लिहीन लिहीन म्हणत होतो... पण त्यांच्याविषयी लिहायचं तर स्वतःचं एक पापही लिहावं लागतं, म्हणून हात अडत होता.

हमीदभाई यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचे. मी जवळच्याच दवाखान्यात कंपाउंडर. मशीनमध्ये हात चेमटलेल्या मजुरांना घेऊन ते यायचे, तिथून आमची मैत्री जमली. साठ सालाच्या आसपास त्यांनी आणि जैनबभाभींनी हजला जायचं ठरवलं आणि रोज संध्याकाळी ते माझ्यापुढे येऊन बसू लागले. जहाजावर पोट बिघडलं तर? तिकडचं पाणी कसं असतं? मी सांगायचो, पाणी उकळून प्या, चिरून ठेवलेलं फळ खाऊ नका, जुलाब लागले तर मीठ घालून भाताची पेज पीत राहा. सल्फाच्या गोळ्या, इसबगोल, भांडी धुवायला लाल दवा... प्रत्येक पुडीवर ते उर्दूत नाव लिहून ठेवायचे.

देवीची लस झाली. हैज्याच्या, म्हणजे पटकीच्या, सुया दोन होत्या, आठवड्याच्या अंतरानं; दाखल्यावर दोन्हींचा शिक्का असल्याशिवाय जहाजावर घेत नसत. पहिलीनंच भाभींचा दंड सुजला, दोन दिवस त्या तापानं फणफणल्या. दुसरीला एकट्याच आल्या. हमीदभाई कामात अडकले होते, डॉक्टर बाहेरगावी.

"भाऊ, परवा निघाचं हाये. अजून ताप आला तं हे मले घरीच ठेवतीन. दिली म्हणून लिहून टाका ना."

"भाभी, असं नाही जमत."

"सख्ख्या बहिणीनं मांगतलं असतं तं?"

त्यांचे डोळे भरले होते. मी दाखल्यावर तारीख घातली आणि शिक्का मारला.

जेद्दा दोन दिवसांवर असताना भाभींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दुपारी त्या गेल्या. मय्यत समुद्रातच सोडावी लागली. परतल्यावर हमीदभाई सांगत होते, "तुम्ही सांगतली तशी पेज पाजली, भाऊ. पोटात टिकतच नोती." दुसऱ्या सुईचं मी सांगितलं नाही. डॉक्टरांना एकदा आडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, दोन्ही सुया घेऊनही माणसं दगावतात. त्या एका वाक्याला धरून मी दिवस काढले. पण एखादी बाई दंडावरची बाही सारू लागली की भाभीच समोर बसल्यात असं वाटायचं... अजून वाटतं.

पुढं दरवर्षी हजला निघालेल्यांना हमीदभाई स्वतः घेऊन येऊ लागले. कोणी राळेगावचं, कोणी पार ढाणकीचं. दुसऱ्या सुईला तर हमखास. टोचून होईपर्यंत दाराशी उभे राहायचे, शिक्का पडला की "चला" म्हणायचे. मला वाटे, भाभींच्या नावानं सेवा करताहेत.

शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरी. दमा फार वाढला होता. मी औषध घेऊन गेलो आणि न राहवून बोललो, "हमीदभाई, भाभीले दुसरी सुई मी..."

"मालूम हाये. तिनं जहाजावरच सांगतलं. म्हणे, भाऊले काई बोलू नका, म्याच जिद केली."

मी औषध खाली ठेवलं. "मंग इतके वर्षं काहून नाही बोलले?"

धाप ओसरेपर्यंत ते थांबले. "बोललो असतो तं तुम्ही काम सोडलं असतं. तुमच्या जागी कोणी बी आला असता, त्याले ह्या दुखाचं काय मालूम? तुम्ही आता कोणाची सुई चुकू देणार नाही, हा भरोसा होता मले." मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तरी बी... उभा राहत होतो."

माफी होती की पहारा, मला अजून कळलेलं नाही. गेल्या आठवड्यात एक बाई दुसरी सुई नको म्हणून रडत होती. मी तिला समजावलं, सुई टोचली. शिक्का उचलला आणि आधी दाराकडे पाहिलं.