पाहुण्या मॅडमचे तीन दिवस

तिचं पोस्टर आमच्या फाटकावर मी माझ्या हातांनी चिकटवलं, ही त्या आठवड्यातली पहिली शिक्षा. घोडेस्वारीत एखादा नावाजलेला स्वार बाहेरगावाहून येतो, दोन-तीन दिवस दुसऱ्याच्या मैदानावर दुसऱ्याची मुलं शिकवतो आणि जातो. त्याला क्लिनिक म्हणतात. मैदान आमचं, घोडे आमचे, मुलंही आमचीच. फोटो तेवढा तिचा, पाहुण्या मॅडमचा, घोड्याच्या मानेवर हात ठेवून दात दाखवत काढलेला. चिकटवताना एक कोपरा दुमडला गेला. तो मी सरळ केला नाही.

पुण्याजवळ मांजरी गावात उसाच्या शेतांच्या कडेला आमची रायडिंग स्कूल आहे. गेली सतरा वर्षं मी शनिवार पेठेतून रोज उजाडता उजाडता स्कूटरवर तिथं जाते आणि मुलांना शिकवते. पाहुण्या मॅडम आणि मी एकेकाळी एकाच बॅचला होतो. आमचे सर लष्करातून निवृत्त झालेले. ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "बैठक बघायची असेल तर हिची बघा," आणि ही म्हणजे मी. ती तेव्हा दर आठवड्याला एकदा तरी मातीत असायची. पुढे तिला परदेशात शिकायला जायला मिळालं. मला वडील म्हणाले, घोड्यावरून उतर आणि बी.एड. कर. त्यातलं मी निम्मं ऐकलं, बी.एड. केलं. तिनं पदकं आणली, बेंगळुरूजवळ स्वतःची पागा काढली. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

पण पदकांचं मी एक वेळ गिळलं असतं. खरा प्रश्न माझ्या मुलीचा होता. माझी म्हणजे माझी विद्यार्थिनी. विश्रांतवाडीची, वडील कारखान्यात सुपरवायझर. दहा वर्षांची असताना आली तेव्हा तिचा पाय रिकिबीपर्यंत पोचत नव्हता, आता सोळाची झाली होती. मला मूलबाळ नाही. हे इथं सांगायला नको होतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाकीची मुलं मला मॅडम म्हणतात, ती एकटी ताई म्हणायची. आणि पाहुणीनं आधीच कळवलं होतं की क्लिनिकमधली एक मुलगी ती वर्षभरासाठी आपल्या पागेत शिकायला नेणार आहे. कुठली, ते शेवटच्या दिवशी सगळ्या उड्या पाहून ठरवणार. मला पोस्टर चिकटवतानाच कळलं होतं की ती कुठली नेणार.

पहिल्या दिवशी डिसेंबरातलं धुकं होतं. आईबाप शाली पांघरून, मोबाईल सरसावून कुंपणाला लागून उभे. पाहुण्या मॅडम आल्या, मैदानाच्या मधोमध एका उलट्या बादलीवर बसल्या आणि इतक्या हळू बोलायला लागल्या की मुलं घोडे जवळ आणून, कान देऊन ऐकायला लागली. मी सतरा वर्षं ओरडते आहे. माझा आवाज चिरकला तेव्हा कुणी जवळ आलं नाही.

"ताई, त्या किती शांत बोलतात ना!" माझी मुलगी मला येऊन म्हणाली. डोळे नुसते चमकत होते मेलीचे.

"तीन दिवस शांत बोलायला काय जातंय?" मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं मी विनोद करते आहे.

मग तिची पाळी आली. तिची घोडी म्हणजे रेसमधून निवृत्त झालेली, तपकिरी, माझी सगळ्यात गुणी घोडी. चालीवर चालली, दुडकी धरली, सगळं झकास. मग पाहुणी म्हणाली, आता कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची धाव. घोडी दुडकत राहिली. मुलीनं टाच लावली, पुन्हा लावली, बिचारीचा चेहरा लाल झाला, पण घोडी ढिम्म. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी मुलगी, माझी घोडी, आणि हिच्यासमोर असली शोभा! न राहवून मी कुंपणावरून ओरडले, "कँटर!" आणि घोडी लगेच सुटली. आईबापांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणीनं वाजवल्या नाहीत. तिनं घोडीच्या कानांकडे पाहिलं, ते माझ्या दिशेला वळलेले होते. मग माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "रागावू नकोस. पण घोडी तुझं ऐकते, मुलीचं नाही."

मला माहीत होतं, म्हणून जास्त झोंबलं. शिकाऊ मुलांच्या पायात जोर नसतो, म्हणून आम्ही मधोमध उभं राहून ओरडतो, ट्रॉट म्हणजे दुडकी, कँटर, आणि होऽऽ म्हणजे थांब. ओरडतो मुलांसाठी, पण पाठ होतं घोड्यांना. मूल पाय हलवायच्या आत घोडा निघालेला असतो, आणि मुलाला वाटतं आपण घोडा पळवला. आमच्या धंद्यातली ही जुनी चूक. नव्या शिक्षकांना मी स्वतः यावरून बोल लावते. आणि माझ्या लाडक्या मुलीला मी सहा वर्षं माझ्या आवाजावर बसवून फिरवत होते.

"आमच्याकडे पद्धतच तशी आहे," मी म्हटलं. "परदेशात नसेल."

तिनं बिस्किट चहात बुडवून खाल्लं. निदान भांडली असती तरी बरं झालं असतं.

दुसरा सगळा दिवस तिनं माझ्या मुलीवर घालवला. इतर मुलांना अर्धा तास, हिला दीड. पाय कधी, किती, कसा. घोडीनं ऐकलं की लगेच सैल सोड. मला गोड बोलून कार्यालयात बसवलं होतं, प्रमाणपत्रांवर मुलांची नावं घालायला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथं तर पिकवणारीला नावं घालायला बसवलं होतं. खिडकीतून मला दिसत होतं. दुपारनंतर घोडी कँटरला लागली, मुलीच्या पायावर, कुणीही न ओरडता. मुलगी वाकून घोडीच्या गळ्यात पडली. मग तिनं वळून पाहिलं ते पाहुणीकडे. मी खिडकीत उभी आहे हे तिच्या गावीही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात नुसतं दुखत होतं, खरोखरच दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी मैदानात आडव्या दांड्या रचून आठ उड्या लावल्या होत्या. मी पुन्हा कुंपणापाशी येऊन उभी राहिले, मला कोण अडवणार? माझी मुलगी आत आली आणि एक एक उडी पार करत गेली. तशी ती कधीच बसली नव्हती. हात शांत, नजर पुढच्या उडीवर. सातवी झाली. आठवीकडे वळली तेव्हा मला लख्ख दिसलं की ही गेली. बॅग भरणार, बेंगळुरूला जाणार, तिथं हळू बोलायला शिकणार आणि ताई म्हणजे मांजरीची एक ओरडणारी बाई होऊन जाणार.

मी ओरडले, "होऽऽ!"

घोडीनं चारी पाय रोवले. मुलगी मानेवरून पुढे गेली, दांड्यांवर आदळली आणि दांड्यांसकट खाली आली.

हे मी आजवर सगळ्यांना सवयीनं तोंडून गेलं असं सांगितलं आहे. सवयीनं नाही गेलं. विचार करायला वेळ नव्हता हे खरं, पण मला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. ती पडावी असं नव्हतं हो, देवाशपथ नव्हतं. तिनं थांबावं एवढंच हवं होतं.

मी कुंपण ओलांडून धावले तोवर ती उठून बसली होती. ओठ फुटला होता, कोपर खरचटलं होतं, बाकी ठीक होतं. पाहुणी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून बोटं हलवून बघत होती. माझ्याकडे मान वर करून तिनं विचारलं, "काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगीच बोलली. "मॅम, ताईंची चूक नाही. माझा वेग जास्त झाला होता. त्या घाबरल्या."

वेग बरोबर होता. पाहुणीला माहीत होतं, मला माहीत होतं.

"घाबरलीस?" पाहुणीनं मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल, सगळ्या आईबापांसमोर. "बरं," एवढंच म्हणाली आणि पडलेल्या दांड्या उचलायला लागली. तिचा तो मोठेपणाही मला सोसवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी तिला आयुष्यभर मनातल्या मनात उत्तरं दिली असती.

पडलं की लगेच पुन्हा बसायचं, हा सगळ्याच पागांचा नियम. मुलगी पुन्हा बसली. मी तबेल्यामागे जाऊन उभी राहिले, तोंडावर ओढणी दाबून. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा कळलं, आठवी उडी झाली.

तिला नेलं. जाताना ती पाया पडली, मी पाठीवर हात ठेवला. पाहुण्या मॅडमना मी फाटकापर्यंत पोचवायला गेले नाही, मला प्रमाणपत्रांची आवराआवर होती.

ती दर रविवारी फोन करते. आता ती तिथं लहान मुलांना शिकवायलाही मदत करते. गेल्या रविवारी म्हणाली, "ताई, आज मी मुलांना तुमची गोष्ट सांगितली."

"कुठली गं?"

"मी शेवटच्या उडीला आले आणि तुम्ही घाबरून ओरडलात, ती. मी म्हटलं, मॅम खूप मोठ्या आहेत, पण मी पडेन म्हणून इतकं घाबरणारं माणूस मला एकच मिळालं. त्या मॅमपेक्षा मोठ्या."

मॅमपेक्षा मोठ्या. तरुणपणापासून मला कुणाच्या तरी तोंडून हेच ऐकायचं होतं.

"ताई? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "जेवलीस का?"