कणगीतलं बी

माझी आई गेली आणि मी रडले नाही.

बारा दिवस तुमचे मेसेज वाचतेय. 'धरतीची लेक'. 'बियाणं जपणारी माउली'. बियाण्यांच्या प्रदर्शनातला तिचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला आहे. छान आलाय.

आता माझं ऐका.

मोलगी गावाच्या वर, डोंगरात आमचा पाडा. आमच्यात बियाणं बाईच्या ताब्यात. ज्वारीचं बी राखेत घोळवून बांबूच्या कणगीत भरायचं, वरून शेणमातीने लिंपायचं. ती कणगी पुरुषाने उघडायची नाही. घरातल्या आईनेच, आणि तेही पेरणीलाच.

मी नऊ वर्षांची होते. बाप गुजरातेत मजुरीला गेला, तो परतलाच नव्हता. धाकटी जामली चार वर्षांची, तापाने फणफणलेली. आई जंगलातून कंद आणून उकडायची. जामलीच्या पोटात ते ठरत नव्हते. ती भाकर मागायची.

कणगी भरलेली होती.

"याहा, एक मूठ काढ ना." आम्ही आईला याहा म्हणतो. बाकीचं भिली बोलणं तुमच्यासाठी मराठीत लिहितेय.

"बी खायचं नसतं."

पाचव्या दिवशी जामली गेली.

त्या दुष्काळाच्या साली पाड्यात सगळ्यांनी आपापलं बी खाऊन टाकलं होतं. पेरायला आमच्याच घरून गेलं. तेव्हापासून याहाला मान, आणि दर पेरणीला बी तिच्याच कणगीतून. जामलीचं नाव कुणी काढलं नाही.

नोकरी लागल्यावर एकदाच विचारलं, "एका मुठीने काय बिघडलं असतं?"

सुपावरून नजर न हटवता म्हणाली, "तिला दिली असती तर तूही मागितली असतीस."

खरं होतं ते. म्हणून तर जास्त राग आला.

आईमागे कणगी लेकीकडे येते. माझ्याकडे आली.

काल मी ती फोडली. राख पाखडली, सगळी ज्वारी जीपमध्ये टाकून मोलगीच्या चक्कीवर नेली. आज याहाच्या बाराव्याला अख्ख्या पाड्याला त्याच पिठाच्या भाकरी वाढल्या.

लोकांनी मागून मागून खाल्ल्या.

हात धुऊन शेजारची सेमटी काकी माझ्यापुढे पदर पसरून उभी राहिली. "पोरी, आता तूच आमची याहा. पेरणी आली. बी दे."

"जेवलीस ना काकी?"

"पोटभर."

"तेच होतं बी."

तिने पसरलेला पदर आवरला. बाकीच्या बायांनी मला नको नको त्या शिव्या घातल्या. घालू देत.

वाटलं होतं, आज बरं वाटेल. नाही वाटलं.

याहा, जा आता.

जामली भेटली तर आधी तिला जेवू घाल.