रेषेपुढचे कांदे

आमच्या क्लबात जुने बॉल आणि जुने किस्से कुणी फेकून देत नाही. बॉल निदान गोणीत मावतात! आमचा सोपान इंडियाकडून खेळायला लागल्यापासून तर नाशकात ज्याने त्याला एकदा लांबून बघितलंय, त्याच्याकडेही तीन किस्से तयार असतात. मी मात्र चार वर्षं त्याच्या बोलिंगवर विकेटकीपिंग केलंय. पुरावा हवा असेल तर माझी डावी करंगळी बघा. ती अजून सरळ होत नाही.

*

सोपान पहिल्यांदा नेट्सला आला तो चांदवडहून, सकाळच्या एसटीने, कॅनव्हासच्या बुटांत. आमचे कोच देवरे सर. त्यांनी विचारलं, "रनअप किती?"

"मापला नाय सर. घरी कांद्याच्या चाळीपासून बाभळीपर्यंत पळतो."

"इथे बाभूळ नाही. अंदाजे पळ."

पहिला बॉल मला दिसलाच नाही, मागच्या जाळीचा आवाज तेवढा आला. सर डोक्याला हात लावून उभे. मला वाटलं, आनंदाने. तर सोपानचा पाय रेषेच्या वीतभर पुढे! दुसरा बॉल, नो बॉल. तिसराही नो बॉल.

"अरे, रेष दिसत नाही का तुला?" सर ओरडले.

"दिसती ना सर. पण तिच्या पुढं कायच नाय!"

या उत्तराने सरांची आठवडाभर झोप उडाली.

*

शेवटी सर आणि मी माझ्या बाइकवरून थेट चांदवडला गेलो. घरामागे सोपानचं पिच होतं. रेष असायला हवी तिथूनच कांदे पसरलेले, आणि कांद्यांपाशी त्याची आई, सुमनमावशी, निवडत बसलेली. सावली तेवढ्याच जागेत, त्यामुळे मावशी हलायचा प्रश्नच नव्हता. सोपान धावत यायचा, बॉल टाकायचा आणि डावीकडे उडी मारून कांद्यांना वळसा घालायचा. पाय जरा पुढे पडला की एक कांदा चिरडायचा आणि दुसरा त्याच्या पाठीत बसायचा. मावशींचा नेम म्हणजे डायरेक्ट हिट!

सर म्हणाले, "मावशी, आमच्याकडे आम्ही चुन्याची रेष मारतो."

"नुसत्या रेषेचा काय उपेग? रेष काय फुटती का?"

दुसऱ्या दिवशी सरांनी नेट्समध्ये रेषेपुढे ओळीने कांदे मांडले. दिवसभरात एकही नो बॉल नाही! त्या सीझनला आमच्या किटबॅगेत स्टंप, बेल्स आणि दोन किलो कांदे असायचे. मॅचमध्ये अंपायर मांडू देत नसत, पण पाय हळूहळू शहाणा झाला.

*

मग त्याला मोठ्या टीमला नेट्समध्ये बोलिंग करायला बोलावलं. समोर इंडियाचा सीनियर बॅट्समन, नाव घेत नाही. सोपानचा बाउन्सर सरळ हेल्मेटवर! सोपान घाबरून धावत गेला आणि त्याने विचारलं, "लय लागलं का काका?"

काका! ज्याच्या शॅम्पूच्या जाहिराती चालू आहेत, त्याला!

बॅट्समनने हेल्मेट काढलं आणि तो टीमच्या कोचला म्हणाला, "याला टीममध्ये घ्या. पुढच्या वेळी समोरच्या टीमच्या माणसांना काका म्हणू दे."

*

निवड झाली तसा एक पत्रकार चांदवडला पोचला. दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान: 'गरिबीवर मात करून...' वगैरे. मावशींनी मला फोन लावला.

"आपन कवा गरीब होतो रे? त्याला चहा दिला, भजी दिली. दारात ट्रॅक्टर उभा हाय, त्यो नाय का दिसला त्याला?"

मी म्हटलं, "मावशी, पेपरवाल्यांना तसं लागतं."

"मग दुसऱ्याच्या घरी जायचं!"

*

पहिल्या मॅचला मात्र पाय परत बिघडला. पहिल्याच ओव्हरमध्ये तीन नो बॉल, त्यातल्या एकावर बॅट्समन क्लीन बोल्ड. सोपान हात पसरून निम्मं ग्राउंड धावला आणि मग त्याला अंपायरचा आडवा हात दिसला. टीव्हीवर तो तुकडा इतक्या वेळा दाखवला, की मी सेटच बंद केला.

सकाळी त्याचा फोन आला. "दादा, पुण्याच्या मॅचला एक चान्स देनारेत. परत पाय गेला तर घरी." फार वाईट वाटलं हो. मी म्हटलं, "मावशींना घेऊन येतो."

*

मावशींनी स्टेडियम कधी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या गेटवर गार्डने त्यांची पिशवी उघडली. आत तीन किलो कांदे!

"मावशी, हे आत नाही नेता येणार. लोक प्लेअरवर फेकतात."

"मग मी कशाला आनलेत?"

गार्ड माझ्याकडे बघायला लागला. मी पिशवी त्याच्याच टेबलाखाली ठेवली आणि मावशींना ओढत आत नेलं.

आमच्यापुढेच बाउंड्रीवर सोपान फील्डिंगला आला. त्याने सहज वर पाहिलं. मावशी उभ्या राहिल्या आणि रिकामी मूठ खांद्यामागे नेली. इंडियाचा फास्ट बोलर पस्तीस हजार लोकांसमोर डोकं झाकून खाली बसला!

पण त्या दिवशी खरी वेळ आली ती शेवटच्या ओव्हरला. समोरच्यांना चार रन हवे, एकच विकेट उरलेली, बॉल सोपानच्या हातात. तो धावत आला आणि मधला स्टंप उडाला! सगळे नाचणार, तेवढ्यात अंपायरने हात वर करून थांबवलं. पाय तपासायचाय. सोपान दोन्ही हातांनी तोंड झाकून पिचवर बसला. मोठ्या स्क्रीनवर त्याचा बूट हळूहळू खाली यायला लागला. मी वाकडी करंगळी दाताखाली धरली.

आणि मावशी? मांडीवर पदर पसरून शेंगदाण्यातले किडके दाणे निवडत होत्या!

"मावशी, अहो वर बघा, स्क्रीनवर!"

"त्यात काय बघायचं?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी बसलीय ना हितं."